व्हॅनच्या सीटखाली

चिकलठाणा
८ ऑगस्ट २०२५

सुदर्शनराव,

वर नमस्कार लिहिलेला नाय. तो विसरून राहिलेला नाय.

आधी फोन करून बघितला. सात वर्षांत पहिल्यांदा केला, तर तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवलेला. म्हणून टपाल. मी तिसरी शिकले, माझं अक्षर लागलं नाय तर लासूर स्टेशनात कुणाकडूनही वाचून घ्या. चारचौघांनी ऐकलं तरी मला लाज नाय.

काम एकच आहे. माझ्या दारातली व्हॅन तुमच्या नावावर आहे. तिचा कागद २५ ऑक्टोबरला संपतो. पंचवीस वर्षांची गाडी, पुन्हा पास करून घ्यायची तर मालक लागतो. अन् मालक कोण, तर तुम्ही! माझ्या रूपाचं बारावं झालं त्या दुपारी किल्ली उंबऱ्यावर ठेवून लासूरला निघून गेलात. त्यानंतर त्या गाडीच्या चाकात हवा आहे का नाय, हे कधी विचारलं नाय.

तुमची मोनिका आता एकोणीस वर्षांची आहे. तिनं लायसन काढलंय. मी सकाळी सत्तर डबे भरते, ती शेंद्र्याच्या कंपन्यांत नेऊन पोचवती. आमच्या दोघींची चूल त्याच्यावर चालती. व्हॅन बंद झाली तर डबे बंद. सोबत नाव बदलायचा फॉर्म आहे. मोनिकानं पेन्सिलीनं फुल्या मारल्यात, तिथं सही करा, अन् तुमच्या मोबाईलवर सरकारी नंबर येईल तो तिला सांगा. गाडी तिच्या नावावर होऊ द्या. गाडी ठणठणीत आहे, त्याची फिकीर तुम्ही करू नका.

तुम्ही म्हणाल, मी का करू. का ते सांगते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझी पोर त्याच गाडीच्या पुढच्या सीटवर दम्यानं गुदमरली. तुम्ही नावाजलेले मिस्त्री, आख्ख्या चिकलठाण्याच्या गाड्या चालू करून देणारे. त्या सकाळी सेल्फ मारमारून तुम्ही बॅटरी उतरवली, घरची गाडी चालू झाली नाय. नाक्यावरून रिक्षा यायला पाऊण तास लागला, तवर सगळं संपलं होतं. अन् मातीहून आल्यावर, दुसऱ्या दिवशी? अर्ध्या सेल्फात चालू! भावकीनं डोळ्यांनी बघितलं. बाराव्याला मी चौघांत बोलले तेच आजही बोलते. ज्याला न्यायचं असतं त्याची गाडी चालू होती.

सही करा अन् मोकळे व्हा.

कडूबाई

२१ ऑगस्ट

सुदर्शनराव,

लासूर काही चाळीस किलोमीटरच्या पुढं नाय, अन् तुमचं पत्र नऊ दिवसांनी आलं. चालत आला असता तरी आधी पोचला असता. अर्थात चालत आला असता तर मी दार उघडलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात. एक, गाडी धूर टाकती, झटके देत मिसिंग मारती, अशी गाडी पोरीच्या नावावर करणार नाय. जालना रोडला ट्रकच्या पुढं बंद पडली म्हणजे? दुसरी, ‘मामी, बाराव्याला माझ्यावर घातलेला आळ खोटा होता असं तुमच्या हातानं लिहून द्या, मग सही करतो.’

दुसरीचं उत्तर आधी देते. नाय.

मी शब्द गिळणारी बाई नाय. माझ्या सासूनं मला तीस वर्षं छळलं, तिचंही मी काही खोटं बोलले नाय अन् काही परत घेतलं नाय. तुम्ही तर जावई. वाटलं तर फॉर्म चुलीत घाला, पण कडूबाईच्या हातची माफी तुमच्या पेटीत जायची नाय.

आता पहिली. धूर टाकती हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर लिहिलं नव्हतं. विचारते आहे, पण कोण ते मला कळलंय. जुलैत एका रविवारी पोरगी ‘मैत्रिणीकडं जाते’ म्हणून व्हॅन घेऊन गेली, अन् शेजारच्या द्वारकाबाईच्या भाच्यानं तिला लासूरच्या मार्केट यार्डापाशी बघितलं. तुमच्या गॅरेजच्या दारात, तुमच्या हातचा उसाचा रस पिताना. तेव्हापासून तुमचं दोघांचं फोनवर चालू असणार, अन् तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाय. डबे भरून ओट्यावर ठेवते, ती उचलून नेती. तिनं विचारलं तर मी भिंतीला उत्तर देते.

व्हय, थोडा धूर टाकती. माणसं बिड्या ओढतात ते चालतं. मोतीराम मिस्त्रीला दाखवली. त्यानं इंजिनावरची पुढची सीट उचलली, नाक खाली घातलं अन् म्हणाला, “आज्जे, पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागंल, नायतर भंगारात दे.” भंगाराचं नाव काढलं म्हणून त्याला चहासुद्धा दिला नाय. मी स्वतः दर दोन दिवसांनी तेल टाकते. गाडी तेल खाती तर तिला घालायचं, एवढं मला कळतं. पोटाला कमी पडू दिलेलं नाय.

कडूबाई

४ सप्टेंबर

सुदर्शनराव,

तुमचे प्रश्न मिळाले. ‘सही करीन का नाही ते नंतर, पण गाडी पोर चालवते म्हणून विचारतो.’ पोर आठवली म्हणायची. उत्तरं देते, उपकार समजू नका.

धूर निळा आहे. सकाळच्या पहिल्या सेल्फलाच नाय, दिवसभर असतो, अन् जालना रोडला वेग धरला की जास्त. तेल दुधाच्या चहासारखं झालंय का, विचारलंत. नाय, काळंच आहे, म्हणजे पाणी शिरलेलं नाय. पण तेल मोजायच्या पट्टीवर फेस दिसतो, ताकावर येतो तसा. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढायला सांगितलंत. काढलं, वर हात धरला. भकाभका धूर आला तर रिंगा गेल्या असं तुम्ही लिहिलं होतं. तसं काही आलं नाय. मोतीरामला मी हे रस्त्यात थांबवून सांगितलं, तो म्हणाला, “मग तूच टाक गॅरेज.” टाकीन.

राहिली गेजची पट्टी. गाडी सपाट जाग्यावर, इंजिन थंड, पट्टी एकदा पुसून परत घालून बघायची. मी आजवर चालू गाडीतच बघत होते अन् आमचं अंगण कसं उताराचं आहे ते तुम्हाला माहीत आहे. रस्त्यावर नेऊन बघितलं तर तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर. मी पुसून तीनदा घातली. तिन्ही वेळा दोन बोटं वर.

आता मला सांगा, जी गाडी तेल खाती तिचं तेल वाढतं कसं? मला वाटलं पट्टी खोटी. तेवढ्यात मोनिका आली. कमरेवर हात ठेवून म्हणली,

“ह्याच्यात तेल कोण टाकतं?”

मी भिंतीकडं बघून सांगितलं, “ज्याला काळजी आहे तो.”

“तू टाकतीस?”

“दोन दिवसाआड.”

“अगं आजी, मी रोज टाकते! शेंद्र्याहून आले की! माझा डबा मागच्या सीटखाली आहे.”

“मग सांगायचं ना.”

“कुणाला सांगू? तू बोलतीस का माझ्याशी? भिंतीला सांगू?”

हसू नका. मला दिसतंय तुम्ही हसलात. दीड महिना एका घरातल्या दोन बाया एकमेकींना न सांगता एकाच इंजिनात तेल ओतत होत्या. मोनिका गाडीखाली झोपली, नट सैल केला, दीड-दोन लिटर तेल बादलीत निघालं. पट्टी दोन खुणांच्या मधे आली. दुसऱ्या दिवशी धूर निम्म्यावर, अन् तिसऱ्या दिवशी नाहीसा.

तर धूर तुमच्या इंजिनाचा नव्हता, आमच्या अबोल्याचा होता. हे मी कबूल करते, कारण ते पट्टीवर दिसलं. जे पट्टीवर दिसत नाय ते माझ्याकडून कबूल करून घ्यायला जाऊ नका.

मिसिंग मात्र अजून मारती.

कडूबाई

१८ सप्टेंबर

सुदर्शनराव,

एसटीच्या कंडक्टरजवळ दिलेलं पुडकं मिळालं. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग, अन् प्लगच्या चार तारा. जास्तीच्या तेलानं पॅकिंग फोडलं, ते तेल तारांवर उतरलं, रबर फुगून मऊ पडलं, करंट प्लगापर्यंत जायच्या आधीच वाटेत गळायला लागला, असा तुमचा खुलासा. जुन्या तारा काढून बघितल्या. रबर पिठाच्या उंड्यासारखं बोटात दबत होतं, अन् एका ठिकाणी वाकवलं तर चीर. खुलासा खरा निघाला. आयुष्यात एक.

पॅकिंग मोनिकानं बसवलं. तारा मी बदलल्या. तुम्ही लिहिलं होतं तशी एक काढली, तिच्या जागी नवी लावली, मग दुसरी. गाडी सुरळीत चालू झाली.

वरची ओळ खोडत नाय, पण ती खरी नाय. मी चारी एकदम उपटल्या. मेथी निवडताना मी एकेक देठ लावून बघत बसत नाय. मग कोणती कुठली ते कळंना. एक तार कॉइलची, ती लांब होती म्हणून ओळखली. राहिलेल्या तीन मी मनानं लावल्या अन् सेल्फ मारला. फाडकन असा बार निघाला की द्वारकाबाईची शेळी दावं तोडून पार नाल्यापलीकडं गेली. द्वारकाबाई अजून मला बघून बोटं मोडती.

मोनिकानं तुम्हाला फोन लावला अन् आवाज मोठा केला. मी शेजारीच होते. सात वर्षांनी तुमचा आवाज ऐकला. बारीक झालाय.

“पप्पा, आजीनं सगळ्या एकदम काढल्या.”

“माहीत होतं मला. तारा खोचायच्या काळ्या टोपीवर बारका एकाचा आकडा असेल, तिथून धर. एक, तीन, दोन. एक, दोन, तीन नाही.”

मी मोठ्यानं म्हणलं, “असली मोजणी तिसरीपर्यंत तरी कुणी शिकवली नव्हती.”

तुम्ही म्हणलात, “मोना, आता सेल्फ मार, मला आवाज ऐकू दे.” गाडी चालू झाली. मोनिकानं फोन इंजिनापाशी धरला अन् तुम्ही पाच मिनिटं ऐकत बसलात. आमचं पीठ मळायचं राहिलं.

नंतर पोरगी मला म्हणली, “आजी, पप्पा अजून तेच म्हणतात. त्या दिवशी गाडीचं काय गेलं होतं ते मला सापडलं नाही. झोप लागत नाही म्हणतात. रस्त्यात कुणाचीही गाडी बंद पडली की थांबतात अन् खोलून बघतात.” मी म्हणलं, सापडलं नाय का शोधलं नाय? ती उठून गेली.

तुम्ही बाराव्याला म्हणाला होता, इंजिन पुढच्या सीटखाली, रूपा त्याच सीटवर, तिला मागं घ्या म्हणालो, मामींनी घेऊ दिलं नाही. मी तेव्हाही त्याला बहाणा म्हणलं. लेकराचा जीव वरखाली होत असताना आई तिला हलवू देती का? तुम्हाला सीट उचलायची होती तर माझा हात झटकून उचलायची होती.

गाडी आता चांगली आहे. धूर नाय, मिसिंग नाय. तुमची पहिली अट पुरी झाली. दुसरी होणार नाय. कागद संपायला पाच आठवडे राहिलेत. तुमच्या हट्टापायी पोरीच्या हातातलं स्टेअरिंग जाऊ द्यायचं का, ते तुम्ही ठरवा.

कडूबाई

३ ऑक्टोबर

सुदर्शनराव,

काल दसरा झाला. आज रूपाची तिथी. भावकी दुपारी जेवून गेली. हे पत्र तेव्हापासून लिहिते आहे, दोन कागद फाडले.

काल सकाळी गाडीची पूजा करायची होती. मोनिका हार आणायला गेली होती. मी सीट उचलली. पॅकिंग बदलताना सांडलेलं तेल होतं, त्याच्यावर धूळ बसून चिकट लगदा झालेला. असल्या घाणीवर हळदकुंकू टाकायचं कसं? मी धुण्याच्या सोड्याचं पाणी केलं, बादली भरली, अन् ओतणार तोच पोरगी फाटकातनं ओरडली.

“आजी! पाणी नको! तारांत पाणी गेलं तर गाडी चालू व्हायची नाही!”

“व्हती की. वाळली की व्हती.”

“वाळली की होती, पण तवर नाही. दिवसभर सेल्फ मार, होणार नाही. पप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय.”

बादली माझ्या हातात होती. ‘वाळली की व्हती’ हे मी म्हणले होते. मला कसं माहीत होतं? मी कधी बघितलं होतं गाडी वाळून चालू होताना?

एकदाच बघितलं होतं.

लिहिते. सात वर्षांमागच्या दसऱ्याला तुम्ही गॅरेजच्या पूजेला गेला होता. घरची व्हॅन मी धुतली. वरून तर सगळेच धुतात. मी सीट उचलून आतूनही धुतली. सोड्याच्या दोन बादल्या मारल्या, चिंध्यानं पुसलं, कुंकू लावलं, सीट खाली टाकली. मिस्त्रीची गाडी अन् आतून एवढी घाण, असं मनातल्या मनात तुम्हाला नावं ठेवत धुतली. तुम्ही आल्यावर हार बघितला, सीट उचलायचं काही कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रूपाला धाप लागली. मी तिला पुढच्या सीटवर बसवली. तुम्ही म्हणालात मागं घ्या, मी तुमचा हात धरला. सीटखाली पाणी होतं. मी तिला त्याच्यावर बसवून तुम्हाला शिव्या देत होते. तिसऱ्या दिवशी उन्हानं वाळलं, अन् गाडी चालू झाली.

तुम्ही विचाराल, तेव्हा कळलं होतं का? तारांचं कळलं नव्हतं, देवाशपथ. पण धुतलं होतं एवढं तर माहीत होतं. बाराव्याला बोलताना ते जिभेच्या मागं होतं. मी त्याच्या पुढून बोलले. मोठ्यानं बोललं की मागचं ऐकू येत नाय.

तुम्हाला न सापडलेला फॉल्ट हा. तारा जुन्या, चिरलेल्या, अन् त्यावर दोन बादल्या पाणी. पाणी घालणारी कडूबाई. ‘ज्याला न्यायचं असतं त्याची गाडी चालू होती’ हे मी बाराव्याला भावकीत बोलले ते खोटं आहे. हे माझ्या हातचं लिहिणं आहे, कुणी सांगून लिहिलेलं नाय. खाली पूर्ण नाव घातलंय.

आज तिथीला भावकी समोर बसली होती. तोंडात आलं होतं. वाढता वाढता राहिलं.

कडूबाई अप्पाराव गवळी

९ ऑक्टोबर

पाकीट चिकटवलेलं परत फोडून हे खाली लिहिते आहे.

पत्र टाकायच्या आधीच परवा तुमचा फॉर्म आला. तीन ठिकाणी सही. सोबत चिठोरं: ‘मामी, लिहून देऊ नका. आवाज ऐकला, गाडी चांगली आहे. पोरीला चालवू द्या.’ मोनिकानं तुम्हाला फोन करून तो सरकारी नंबर घेतला, ऑफिसात जाऊन आली. गाडी आठ दिवसांत तिच्या नावावर व्हईल म्हणतात.

म्हणजे आता हे पत्र तुम्हाला पाठवायची मला काही गरज उरलेली नाय. गॅसवर धरलं असतं तर निमिषात राख. परवा रात्री दोनदा शेगडीपाशी गेले. तुमचा मला रागच आला. अट घालायची तर शेवटपर्यंत धरायची. अशी मधेच सोडली की माणसानं कुठं जायचं?

मग काल सकाळी मोनिकाला वाचायला दिलं. तिनं उभ्यानं वाचलं, घडी करून परत माझ्या हातात दिलं अन् डबे घेऊन शेंद्र्याला गेली. कालपासून माझ्याशी बोलली नाय. ह्या खेपेला भिंत तिची आहे. तिनं किती दिवस धरायची ते तिचं तिनं ठरवावं, मी मागं लागणार नाय.

टपालाचा भरवसा नाय, म्हणून हे दुपारच्या एसटीत कंडक्टरजवळ देते. आज संध्याकाळी तुम्हाला मिळंल. येत्या रविवारी, १२ तारखेला, भावकीला परत बोलावलंय. कशाला ते कुणाला सांगितलेलं नाय. लोकांना वाटतं म्हातारी दिवाळीच्या आधी जेवायला घालती. जे चौघांत बोलले ते चौघांतच परत घ्यायचं, कागदावर घेतलेलं कोण वाचतं?

तुम्ही समोर असाल तर मला बोलायला लई जड जाईल. म्हणून या.

बारापर्यंत पोचा. ताट मांडलेलं असंल. आग्रह करणार नाय.